इंग्लंडची रंगीत अलाबास्टर शिल्पं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही शिल्पं म्हणजे नेमकं काय?

साधारण १३४० ते १५४० या दोनशे वर्षांत इंग्लंडच्या मध्य भागात अलाबास्टर नावाच्या मऊ दगडात येशू, मरीया आणि संतांची उठावशिल्पं मोठ्या प्रमाणावर कोरली जात होती. नॉटिंगहॅम हे या धंद्याचं सगळ्यात नावाजलेलं गाव. शिवाय बर्टन-ऑन-ट्रेंट, चेलास्टन आणि यॉर्कमध्येही कारागीर होते. एकेक शिल्पपट साधारण ४० सेंमी उंच, २५ सेंमी रुंद आणि ४ ते ८ सेंमी जाड. पाच किंवा सात पट लाकडी चौकटीत ओळीने बसवले की वेदीमागे उभा करायचा वेदीपट तयार होई. याखेरीज सुट्या उभ्या मूर्ती, थडग्यांवर निजलेल्या सरदार-उमरावांच्या पूर्णाकृती आणि घरात ठेवायची लहान शिल्पंही याच दगडात होत.

संग्रहालयात ती पांढरी आणि सोज्वळ दिसतात, म्हणून लोक त्यांना ग्रीक संगमरवराच्या पंक्तीला बसवतात. तिथेच गल्लत होते. हा माल रंगवून, वर्ख लावून, चौकटीत जडवून विकला जायचा. आपल्यासमोर असतो तो त्यातला उरलेला दगड. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

अलाबास्टर म्हणजे संगमरवराचाच प्रकार ना?

नाही. हा अलाबास्टर म्हणजे जिप्सम, म्हणजे पाणी धरून ठेवलेलं कॅल्शियम सल्फेट. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचा. मोज कठीणपणाच्या मोजपट्टीवर जिप्समचा अंक २ आणि संगमरवराचा ३. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण जिप्समवर नखानेही ओरखडा उठतो, संगमरवरावर नाही.

आणखी एक गोंधळ. इजिप्तमधल्या प्राचीन भांड्यांनाही अलाबास्टरच म्हणतात, पण तो दगड कॅल्साइटचा असतो आणि त्यावर आम्ल पडलं की फसफसतो. इंग्लिश अलाबास्टर फसफसत नाही. (ही परीक्षा जुन्या शिल्पावर करायची नसते, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.)

जिप्सम आपल्याला अनोळखी मुळीच नाही. तेच भट्टीत साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं आणि उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस, गणेशोत्सवात दरवर्षी ज्यावरून वाद होतो ते. म्हणजे नॉटिंगहॅमची मरीया आणि साच्यातला पीओपीचा गणपती रासायनिकदृष्ट्या एकाच घराण्यातले.

मग एवढा मऊ दगड निवडलाच का?

मऊ म्हणूनच. खाणीतून काढलेला अलाबास्टर करवतीने कापता येतो, सुरीने तासता येतो, कानशीने घासता येतो. संगमरवरात ज्याला आठवडे लागतील ते काम इथे दिवसांत उरकतं. दुसरं कारण म्हणजे दगडाचा पोत. बारीक दाण्याचा, किंचित पारदर्शक, आतून उजेड झिरपल्यासारखा दिसणारा. चेहरा आणि हात यांना वेगळा रंग द्यावाच लागत नाही.

तिसरं कारण व्यवहाराचं: दगड दारातच होता. डर्बीच्या दक्षिणेला चेलास्टन आणि स्टॅफर्डशरमध्ये टटबरी-फॉल्डच्या टापूत जिप्समचे थर लाल चिकणमातीत सापडतात. ही लाल माती दगडात शिरून तांबूस-तपकिरी शिरा तयार होतात. शुभ्र, बिनशिरेचा तुकडा महाग. चांगला कारागीर शिरा असलेली बाजू मागे किंवा रंगाखाली जाईल अशी योजना करायचा. रंग गेल्यावर आज त्या शिरा उघड्या पडल्या आहेत, म्हणून एखाद्या संताच्या झग्यावर तपकिरी ओघळ दिसला तर तो डाग समजून घाबरू नका.

मऊपणाची किंमतही मोजावी लागते. जिप्सम पाण्यात विरघळतं, लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम. म्हणून हा दगड घरातला, उघड्यावरचा नव्हे. टटबरीच्या सेंट मेरी चर्चच्या पश्चिम दारावर बाराव्या शतकातली अलाबास्टरची कमान आहे. इंग्लंडमधला या दगडाचा तो सर्वात जुना ज्ञात वापर, पण ती अपवाद म्हणूनच सांगितली जाते.

एक पट कसा तयार व्हायचा?

आधी ठोकळा करवतून फळी काढायची. तिचा पुढचा भाग सपाट करायचा आणि मागचा तसाच ओबडधोबड सोडायचा, कारण तो चौकटीत झाकला जाणार. चित्राचा आराखडा ठरलेला असे. तेच ते प्रसंग पिढ्यान् पिढ्या कोरले जात, त्यामुळे कारागिराला नव्याने विचार करावा लागे तो फक्त दगडाच्या खोडीपुरता.

मग छिन्नीने मोठे खड्डे, गिरमिटाने खोल भोकं. इंग्लिश पटांत माणसं पार्श्वभूमीपासून बरीच सुटी कोरलेली असतात. भाल्याचा दांडा, उंचावलेला हात, देवदूताचा पंख पुष्कळदा दोन्ही बाजूंनी मोकळा असतो. दिसायला सुरेख, पण पहिल्यांदा तेच मोडतं. आजच्या पटांत हात नसलेले पहारेकरी आणि दांडा नसलेले क्रूस इतके दिसतात त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं पुढे सांगितलं आहे.

नंतर कानस, बारीक घासपूड आणि पॉलिश. पण पॉलिश सगळीकडे नाही. जिथे रंग बसणार तिथे पृष्ठभाग जरा खरखरीत ठेवलेला सोयीचा. चेहरे आणि हात मात्र गुळगुळीत.

काही भाग वेगळे करून बसवले जात. पवित्र त्रैक्याच्या पटात पिता परमेश्वर सिंहासनावर बसलेला असतो आणि त्याच्या गुडघ्यांमध्ये क्रूसावरचा पुत्र. पवित्र आत्म्याचं कबूतर मात्र कित्येक पटांत दिसतच नाही. क्रूसाच्या वरच्या भागात लहानसं भोक शोधा. कबूतर वेगळं कोरून तिथे खुंटीने बसवलेलं होतं आणि ते पडून गेलं.

मागची भोकं कशाची?

पटाची खरी माहिती मागच्या बाजूलाच असते. तिथे दोन-चार भोकं दिसतील, त्यांत शिसं ओतलेलं आणि त्या शिशात पितळी तारेचा फास रुतवलेला. ही तार लाकडी चौकटीतल्या भोकातून पलीकडे काढून पिळली की पट जागच्या जागी बसतो. खिळा नाही, चुना नाही.

ही पद्धत हुशारीची आहे. शिसं मऊ असल्यामुळे दगडावर ताण येत नाही आणि पितळ गंजून फुगत नाही. नंतरच्या काळात दुरुस्ती करणाऱ्यांनी लोखंडी खुंट्या घातल्या. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं आणि दगड आतून फुटतो. भोकाभोवती चांदणीसारखे तडे आणि तांबडा डाग दिसला तर आत लोखंड आहे हे धरून चाला.

कधी कधी मागे रेघांच्या किंवा खाचांच्या खुणा असतात. वेदीपटात कोणता पट कुठे जायचा याची ती नोंद. सुटे पट एकत्र जुळवताना या खुणा सोन्याहून मोलाच्या ठरतात.

रंग नेमके कुठे आणि कोणते होते?

पूर्ण शिल्प रंगाने लिंपत नसत. लाकडी मूर्तीवर आधी खडू आणि सरसाचा जाड लेप देतात, तसा सरसकट लेप इथे नसे. दगडाचाच रंग मांसाला वापरायचा आणि रंगाने बाकीचं उठवायचं, हा हिशेब.

खालची जमीन गडद हिरवी. त्यावर फुलं: मधे एक लाल किंवा पिवळा ठिपका आणि भोवती पाच-सहा पांढरे ठिपके. ही ठिपक्यांची डेझी म्हणजे इंग्लिश अलाबास्टरची जवळजवळ सहीच. पटाचा रंग पूर्ण गेलेला वाटला तरी तळाशी, पायांच्या मागे, खाचेत वाकून पाहा. एखादं फूल तिथे हमखास लपलेलं असतं.

वरची पार्श्वभूमी, म्हणजे आकाश, सोन्याचं. तेलाचा चिकट थर देऊन वर्ख चिकटवत. त्या सोन्यात लेपाचे छोटे छोटे उंचवटे बसवून त्यांवरही वर्ख देत, म्हणजे मेणबत्तीच्या हलत्या उजेडात पृष्ठभाग चमचमे. उंचवटे पडून गेले की मागे गोल पांढरट ठसे राहतात. ते पाहून 'दगडाला देवी आल्यात का?' असं विचारणारेही भेटतात.

केस, दाढ्या, मुकुट, पंखांच्या कडा यांवर सोनं. झगे बहुधा दगडी पांढरे, काठ सोनेरी आणि उलटलेलं अस्तर लाल किंवा निळं. ओठांवर लाल, बुबुळांना काळा ठिपका. येशूला फटके मारणारे, थट्टा करणारे शिपाई मात्र मुद्दाम काळ्या-तपकिरी चेहऱ्यांचे आणि वेड्यावाकड्या नाकांचे. त्या काळचा पूर्वग्रह तिथे उघड दिसतो आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

रंगद्रव्यांत हिंगूळ, शेंदूर, सफेदा, काजळी, तांब्याचा हिरवा जंगाल, निळ्यासाठी अझुराइट नावाचं खनिज किंवा नीळ. यातले काही काळाच्या ओघात दगा देतात. जंगालाचा हिरवा तपकिरी होतो, शेंदूर काळवंडतो. म्हणून आज चॉकलेटी दिसणारी जमीन मूळची हिरवळ असू शकते. तिला मळ समजून घासणाऱ्यांनी फार नुकसान केलं आहे.

मग पांढरे पट इतके का दिसतात?

दोन कारणं. सोळाव्या शतकातल्या मूर्तिविरोधी प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी चर्चच्या आतून चुना फासला आणि काही शिल्पं जमिनीत किंवा भिंतीत गाडली गेली. ओलाव्याने रंग सुटला. पण मोठा गुन्हेगार एकोणिसावं शतक. पांढरं म्हणजे शुद्ध अशी त्या वेळच्या संग्राहकांची आवड, आणि विक्रेत्यांनी त्यासाठी उरलासुरला रंग खरवडून, धुवून काढला. पॉलिश केलेल्या भागात ब्रशचे किंवा पात्याचे समांतर ओरखडे दिसले तर हीच कहाणी.

ताटातलं मस्तक काय आहे? भीतिदायक वाटतं.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाला आणि त्याचं मस्तक हेरोदिया हिच्या मुलीला तबकात दिलं गेलं, ही बायबलमधली कथा. फ्रान्समधल्या आमिएं कॅथेड्रलला हे मस्तक आपल्याकडे असल्याचा दावा होता आणि त्यामुळे त्याची भक्ती पसरली. नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी त्याचा खपाऊ माल केला.

पट लहान, घरात ठेवण्याजोगा. मधे गोल तबकात मिटल्या डोळ्यांचं दाढीवालं मस्तक. दोन बाजूंना बहुधा किल्ली घेतलेला संत पेत्र आणि एक बिशप. खाली देवाचं कोकरू किंवा कबरीतून अर्धा वर आलेला दुःखी येशू. वर पुष्कळदा योहानाचा आत्मा झोळीत घालून नेणारे देवदूत. कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक जखम कोरलेली असते ती विसरू नका. आमिएंच्या अवशेषावरच्या खुणेशी तिचा संबंध जोडतात. हे सगळं दारं असलेल्या लाकडी पेटीत, दारांवर रंगवलेले संत. प्रार्थनेच्या वेळी दारं उघडायची, एरवी बंद.

१४९१ मध्ये निकोलस हिल या नॉटिंगहॅमच्या मूर्तिकाराने आपल्या विक्रेत्यावर पैशांसाठी दावा लावला. मालाची यादी: संत योहानाची ५८ मस्तकं. एकाच माणसाकडून एका खेपेत अठ्ठावन्न! हा कलाकृतींचा नव्हे, मालाचा धंदा होता याला यापेक्षा बोलका पुरावा नको.

म्हणजे सगळा स्वस्त माल होता?

सगळा नाही. वरच्या टोकाला राजे होते. ग्लॉस्टर कॅथेड्रलमध्ये दुसऱ्या एडवर्डच्या थडग्यावरची १३३० च्या सुमाराची अलाबास्टर आकृती या दगडाला दरबारी मान मिळवून देणारी ठरली. तिसऱ्या एडवर्डने विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलसाठी नॉटिंगहॅमच्या पीटर द मेसनकडून वेदीपट करवून घेतला. १३६७ मध्ये तो नेण्यासाठी दहा गाड्या आणि ८० घोडे लागले. त्यातलं काही आज उरलेलं नाही.

थडग्यांचे करारनामे टिकले आहेत आणि ते वाचायला मजा येते. १४१९ मध्ये चेलास्टनच्या थॉमस प्रेंटिस आणि रॉबर्ट सटन यांनी नॉर्थॅम्प्टनशरमधल्या लोविक चर्चसाठी राल्फ ग्रीन आणि त्याच्या पत्नीचं थडगं ४० पौंडांत करायचं कबूल केलं. जोडप्याने एकमेकांचा हात धरलेला असावा, हे करारातच घातलं आहे. आजही ते हातात हात घालूनच निजलेले आहेत.

हे पट इंग्लंडबाहेर इतके कसे पोचले?

निर्यात होऊन. १३८२ मध्ये पोपच्या इंग्लंडमधल्या वसुली अधिकाऱ्याला साउदॅम्प्टन बंदरातून मरीया, पेत्र, पौल आणि त्रैक्य यांच्या अलाबास्टर मूर्ती नेण्याची परवानगी मिळाली. १४१४ मध्ये नॉर्मंडीतल्या फेकां मठासाठी आलेक्सांद्र द बेर्नव्हाल हा गवंडी इंग्लंडला जाऊन प्रेंटिसकडून कच्चा दगड घेऊन आला. फ्रान्समधल्या बोर्डोशी दारूचा व्यापार जोरात होता, त्या बाजूला पट भरपूर सापडतात. उत्तर आइसलंडच्या मोद्रुवेट्लिर चर्चमध्येही एक वेदीपट आहे.

सगळ्यात ठळक उदाहरण स्पेनचं. आइल ऑफ वाइटवरच्या चेल गावचा पाद्री जॉन गुडइयर याने १४५६ मध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला कॅथेड्रलला संत याकोबाच्या जीवनावरचा अलाबास्टर वेदीपट अर्पण केला. तो तिथेच आहे. दाता, वर्ष आणि ठिकाण तिन्ही ठाऊक असलेली अशी वस्तू विरळा, म्हणून इतर पटांचा काळ ठरवताना त्याच्याकडे वारंवार बघावं लागतं.

नाश कधी आणि कसा झाला?

आठव्या हेन्रीच्या काळात १५३८ पासून मूर्तींच्या नवस-यात्रांवर बंधनं आली. खरा घाव त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या काळात बसला. १५४७ च्या आदेशांनंतर १५५० च्या कायद्याने दगड, लाकूड, अलाबास्टर किंवा मातीच्या मूर्ती चर्चमधून काढून नष्ट करायला सांगितलं. कायद्याच्या मजकुरात अलाबास्टरचं नाव वेगळं घ्यावं लागलं, यावरून त्याचा पसारा कळतो. त्याच कायद्याने थडग्यांवरच्या राजे-उमरावांच्या आकृत्यांना मात्र, त्या कधी संत म्हणून पुजल्या गेल्या नसतील तर, सूट दिली. म्हणून इंग्लंडच्या चर्चमध्ये सरदार शाबूत आणि संत गायब.

मोडताना डोकी आणि हात आधी. नाक आणि डोळे ठेचलेले, धड नीट, असा पट अपघाताने पडलेला नसतो. पडलेल्या पटाचा कोपरा तुटतो, चेहरे नाही.

सगळ्यांनी हुकूम मानला नाही. १५५० च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या इंग्लिश राजदूताने कळवलं की मूर्तींनी भरलेली तीन-चार जहाजं इंग्लंडहून आली असून पॅरिस, रुआं वगैरे ठिकाणी माल हातोहात विकला जातोय. मायदेशी टाकाऊ ठरलेलं परदेशात नगद झालं. काही ठिकाणी गावकऱ्यांनी मूर्ती पुरल्या. नॉटिंगहॅमशरमधल्या फ्लॉफर्डच्या पडक्या चर्चच्या जमिनीखाली १७७९ मध्ये मरीया, पेत्र आणि एका बिशपच्या मूर्ती निघाल्या. आज त्या नॉटिंगहॅम कॅसलमध्ये आहेत.

पटावरचा प्रसंग कसा ओळखायचा?

चेहऱ्यांवरून नाही, वस्तूंवरून. काही नेहमीच्या खुणा:

– मरीयेसमोर देवदूत आणि मधे लिलीची कुंडी: गब्रिएलचा संदेश.
– जमिनीवर पडलेला कंदीलवाला आणि तलवार म्यान करणारा पेत्र: येशूची अटक. पडलेला तो मल्ख, ज्याचा कान पेत्राने कापला.
– दाते असलेलं चाक: संत कॅथरिन.
– पोटातून आतडं रहाटाला गुंडाळलं जातंय: संत इरॅस्मस. हो, दृश्य तेवढंच भयंकर आहे.
– मरीया वर जाते आहे आणि खाली एकजण तिचा कमरपट्टा झेलतो आहे: स्वर्गारोहण. झेलणारा थोमा, जो भारतात आला असं परंपरा सांगते.

पुनरुत्थानाच्या पटापाशी जरा थांबा. येशू उघड्या कबरीतून बाहेर पडतो आहे. एक पाय अजून आत, दुसरा सरळ झोपलेल्या पहारेकऱ्याच्या अंगावर. पहारेकऱ्याला जागही आलेली नाही. ही मांडणी इंग्लिश अलाबास्टरमध्ये पुन्हा पुन्हा येते. त्या पहारेकऱ्यांचं चिलखत नीट पाहिलं तर पटाचा काळ ठरवायलाही मदत होते, कारण कारागीर रोमन शिपायाला स्वतःच्या काळातलं शिरस्त्राण घालत.

काळ कसा ठरवतात?

ढोबळमानाने असं. चौदाव्या शतकाच्या मध्याचे पट कमी उठावाचे, साध्या उतरत्या कडांचे. १३८० नंतर वरच्या कडेला किल्ल्याच्या तटासारखे दाते. १४२० च्या सुमारापासून वरचं नक्षीछत वेगळ्या तुकड्यात, आणि उठाव वाढत जाऊन माणसांची गर्दी. शेवटच्या पन्नास वर्षांत घाई दिसते: चेहरे एकसारखे, डोळे बटबटीत. ही विभागणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली गेली आणि ती आजही वापरतात, पण काटेकोर मानू नका. जुना नमुना एखाद्या कारखान्यात पन्नास वर्षंही चालू राहू शकतो.

दगड कुठला हे आता समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, सांगता येतं. गंधक, ऑक्सिजन आणि स्ट्रॉन्शियम यांच्या समस्थानिकांचं प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं आणि चिमूटभर नमुना पुरतो. त्यामुळे इंग्लिश दगड फ्रेंच आल्प्समधल्या किंवा स्पॅनिश दगडापासून वेगळा काढता येतो.

प्लास्टरची नक्कल किंवा बनावट पट कसा ओळखायचा?

आधी मागे बघा. साच्यातल्या प्लास्टरला हवेचे बारीक बुडबुडे असतात, कडेने साच्याची शिवण असते आणि शिरा अजिबात नसतात. फुटलेल्या कडेशी अलाबास्टरमध्ये स्फटिकांची चमक दिसते, प्लास्टर खडूसारखं निस्तेज. टॉर्च कडेला धरली तर अलाबास्टरची पातळ कड आतून उजळते.

खऱ्या दगडात केलेली बनावट अवघड. तिथे संशयाच्या जागा या: मागची बाजू फार नीटनेटकी, शिशाची भोकं नाहीत किंवा असली तरी तारेला जागाच नाही, मोडतोड फक्त सोयीच्या ठिकाणी, आणि रंग खाचेत कमी, उंचवट्यावर जास्त. खरं झिजणं नेमकं उलट होतं.

साफसफाई कशी करावी?

पाण्याने नाही. ओल्या फडक्यानेही नाही. पाणी पॉलिश खातं आणि मळ छिद्रांत ढकलतं. व्हिनेगर, लिंबू, साबण, मेण, काही नको. फार तर मऊ, कोरडा, केसाळ ब्रश आणि तोही जिथे रंग शिल्लक नाही अशा भागावर. रंगाच्या पापुद्र्याला ब्रशसुद्धा उचलतो.

उचलताना हात-डोकं-छत धरू नका. दोन्ही तळवे खाली घालून, मागची बाजू खाली ठेवून, फोमवर. ४० × २५ × ५ सेंमीची सलग फळी साडेअकरा किलो भरते. कोरल्यावर वजन घटतं, पण एका हाताने पेलण्याइतकं नाही, आणि दगड जिथे पातळ तिथेच पकडावासा वाटतो.

उष्णता टाळा. तापलं की जिप्सममधलं पाणी जातं आणि दगड कायमचा अपारदर्शक, पिठूळ पांढरा होतो. इटलीतल्या व्होल्टेराचे कारागीर अलाबास्टर संगमरवरासारखा दिसावा म्हणून मुद्दाम उकळीजवळच्या पाण्यात तापवतात. जुन्या पटाला मात्र जवळचा हॅलोजन दिवा किंवा खिडकीतलं ऊन म्हणजे हाच प्रयोग नकळत चालू.

शिल्पकलेचा विद्यार्थी आहे. स्वतः कोरून पाहता येईल का?

जरूर, आणि मूळ पट समजायचा तो उत्तम मार्ग. ठोकळा घेतला की आधी हलके ठोकून ऐका. खणखणीत आवाज आला तर बरा, बद्द आला तर आत तडा किंवा मातीची शीर आहे. शीर कोणत्या दिशेला जाते ते पेन्सिलीने आखून घ्या. बारीक भाग तिच्यावर आडवा आला तर मोडणारच.

सगळ्यात जास्त घोटाळा छिन्नीच्या कोनात होतो. टोकदार छिन्नी काटकोनात मारली की ठोक्याखाली दगड आतपर्यंत चेचला जातो आणि पांढरा डाग पडतो. तो घासून जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतोच. छिन्नी आडवी, उथळ कोनात धरा आणि शेवटच्या पाच मिलिमीटरमध्ये टोकदार हत्यार नकोच: दातेरी छिन्नी, मग कानस. नंतर सँडपेपर १२०, २२०, ४०० असा चढत्या क्रमाने. मधली पायरी गाळलीत तर आधीचे ओरखडे पॉलिशमध्ये ठसठशीत दिसतात. धूळ बारीक असते, मास्क लावा. सुट्या अवयवाखाली शेवटपर्यंत दगडाचा पूल ठेवा आणि तो अगदी अखेरीस कापा.

आज पाहायला कुठे मिळतील?

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, प्रवेश मोफत. तिथला संग्रह जगात सर्वात मोठा. त्याचा गाभा म्हणजे डब्ल्यू. एल. हिल्डबर्ग यांनी १९४६ मध्ये दिलेले अडीचशेहून अधिक नमुने. स्वान्सी वेदीपट तिथेच आहे, आणि तो आधी पाहावा असं आमचं मत. लाकडी चौकटीसकट टिकलेले वेदीपट मोजकेच, आणि चौकटीत पाहिल्यावर सुटे पट किती अर्धवट आहेत हे लक्षात येतं. लंडनमध्येच ब्रिटिश म्युझियम, मग नॉटिंगहॅम कॅसल, ग्लासगोचं बरेल कलेक्शन, पॅरिसचं क्लूनी. इंग्लंडबाहेरच्या परंपरेसाठी फ्रँकफर्टच्या लीबिगहाउसमधला रिमिनी वेदीपट, साधारण १४३० चा.

काचेसमोर सरळ उभं राहू नका. बाजूला सरकून, कडेने बघा. उठाव किती, मागे कोरलं किती, रंग कुठे लपला आहे, हे समोरून कळत नाही.

महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी काही संबंध?

शिल्पांचा थेट नाही. गोव्यातल्या चर्चची मूर्तिपरंपरा लाकूड आणि हस्तिदंताची, पोर्तुगीज वळणाची आणि काळाने नंतरची. एक धागा मात्र आहे. ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचणारे फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडच्या विल्टशरचे, जन्म १५४९ च्या सुमाराचा. म्हणजे तिथल्या चर्चमधून हे पट उतरवले जात होते, नेमक्या त्याच वर्षांतला. पटांवरचे गब्रिएलचा संदेश, अटक, फटके, पुनरुत्थान हे प्रसंग ज्यांना मराठीत वाचायचे असतील त्यांनी ते स्टीफन्सांच्या ओवीत वाचावेत. पट बघताना कथा आधीच ठाऊक असली की नजर तपशिलावर राहते.

इंग्लंडमध्ये राहतो. बागेत किंवा शेतात असा तुकडा सापडला तर?

धुऊ नका, हे पहिलं. माती लागलेली राहू द्या, तिच्याखाली रंग असू शकतो. ओला असेल तर हीटरपाशी न ठेवता सावलीत हळूहळू वाळू द्या. जागेचा फोटो आणि खोली नोंदवा, आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याला कळवा. तुकडा जमीनमालकाचा असतो, सापडवणाऱ्याचा आपोआप होत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत मिळाला तर तो हलवायला किंवा दुरुस्त करायला फॅकल्टी नावाची परवानगी लागते. आणि भारतात नेण्याचा विचार असेल तर निर्यात परवान्याची चौकशी आधी करा, कारण ब्रिटनच्या जमिनीतून निघालेल्या पुरातन वस्तूंना किंमत कितीही कमी असली तरी तो नियम लागू होतो.